आवाज माझ्या मुलीचाच होता, फोन करणारी ती नव्हती

गेल्या डिसेंबरात माझे ९५,००० रुपये गेले. लॉटरीच्या नादानं नाही, कुठली लिंक दाबून नाही, ओटीपी तर मी कुणाला सांगितलाच नाही. माझ्या मुलीचा रडतानाचा आवाज ऐकून गेले. हे लिहितेय कारण आमच्याकडे अजूनही सगळ्यांची समजूत आहे की ओटीपी दिला नाही म्हणजे आपण सेफ, मी पण तेच समजत होते, आणि माझं ऐकून दोन बायका जरी सावध झाल्या तरी मला बरं वाटेल.

मी कराडला राहते, घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलला. तिला शाळेपासून सूत्रसंचालनाची आवड, गणपतीत मंडळाचा कार्यक्रम असो, शिवजयंती असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, माईक हिच्याच हातात. त्याचे व्हिडिओ ती इन्स्टाग्रामवर टाकते, मागं गाणं नसतं, गोंगाट नसतो, स्वच्छ खणखणीत आवाज. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मंगळवार होता, दुपारचे साडेबारा. लग्नसराईची कामं डोक्यावर, एक गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं, मी तिच्या कटोरी ब्लाऊजचं कापड टेबलावर पसरून खडूनं खुणा करत होते. व्हॉट्सअॅपवर कॉल आला. डीपीला पोलिसाचा युनिफॉर्म घातलेला माणूस, नंबर +९२ नं सुरू होणारा. तेव्हा मला हे आकडे काही सांगत नव्हते. आता सांगते, भारताचा नंबर +९१ नं सुरू होतो, +९२ हा पाकिस्तानचा कोड आहे, आणि सरकारी अधिकारी असल्याचं भासवून अशा परदेशी नंबरांवरून फोन येतात म्हणून सरकारच्या दूरसंचार खात्यानं २०२४ च्या मार्चमध्येच लोकांना सावध केलं होतं. माझ्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

त्या माणसानं हिंदीत मुलीचं पूर्ण नाव घेतलं, कॉलेजचं नाव घेतलं, म्हणाला आप उसकी मम्मी? मी हो म्हटलं. म्हणाला तुमची मुलगी चार मुलांबरोबर गाडीत सापडलीय, गाडीत ड्रग्ज होते, चौघांवर केस टाकलीय, तुमची मुलगी घरची चांगली वाटतेय म्हणून तुम्हाला फोन केला, घ्या बोला तिच्याशी.

आणि मग ती बोलली.

"आई... आई मला सोडव ना गं... मी काही नाही केलं आई... हे लोक मला मारतायत, प्लीज आई..."

मला कुणी म्हणतं, अहो मशीनचा आवाज कळला कसा नाही? त्यांना मी एवढंच सांगते, माझ्या मुलीचा र लहानपणापासून थोडा जड आहे, घसा बसला की आणखी जड होतो, तो र त्या आवाजात होता. हुंदका देताना ती श्वास आत ओढते, तो श्वास होता. माझ्या हातातला खडू कधी मोडला ते मला कळलं नाही, नंतर बघितलं तर पांढरा चुरा सगळ्या कापडावर.

एक गोष्ट मात्र त्यात चुकली होती आणि ती मला तेव्हा ऐकू आली नाही. माझी मुलगी मला आई म्हणत नाही. आऊ म्हणते. बोलायला लागली तेव्हापासून आऊ. पण तिच्या व्हिडिओत कुठं आऊ असणार? तिथं ती म्हणते "माझ्या आई-वडिलांना वंदन करून". एवढा रोजचा शब्द चुकलेला, पण मुलगी मार खातेय म्हटल्यावर आईचं डोकं शब्द तपासत बसत नाही. ते दोन वाक्यांच्या वर तिला बोलूच देत नाहीत, मी "कुठं आहेस बाळा" विचारेपर्यंत फोन परत त्या माणसाकडं. आता कळतं, तो कट करण्यामागं पण हिशोबच असतो, जास्त बोललं की चूक सापडेल, आणि रडण्याखाली बाकीचं सगळं झाकून जातं.

मग धमकी. मीडियावाले बाहेर उभे आहेत, नाव गेलं की करिअर संपलं. फोन कट करायचा नाही. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर एफआयआरमध्ये नाव चढलंच म्हणून समजा. समोरची गिऱ्हाईक बाई विचारतेय "ताई काय झालं, पाणी देऊ का", आणि मी मान हलवून नाही म्हणतेय. ती बाई दोन हातांवर होती हो. तिला मी नुसतं फोनकडं बोट दाखवलं असतं तरी माझे पैसे वाचले असते.

४५,००० मागितले. यूपीआय करताना स्क्रीनवर समोरच्याचं नाव येतं, ते एका अनोळखी माणसाचं साधंसुधं नाव होतं, पोलिस नाही, कोर्ट नाही, काही नाही. मी ते वाचलं. वाचून मनात म्हटलं एखाद्या हवालदाराचं खातं असेल, आणि पिन टाकला. हे पैसे मी ओव्हरलॉकचं नवीन मशीन घ्यायला साठवले होते. पाच मिनिटांत म्हणाला साहेब मानत नाहीत, अजून ५०,००० टाका. तेही टाकले, वेगळ्या खात्यावर. तोवर दोन्ही मिळून एक लाखाच्या आतच मागत होता, कारण यूपीआयवरून दिवसाला साधारण तेवढेच जातात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

तिसऱ्यांदा १,२०,००० मागितले. मी म्हटलं खात्यात नाहीत. म्हणाला सोनं असेल ना घरात. गिऱ्हाईकाला "जरा थांबा" सांगून मी कपाटातल्या पाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि चपला अडकवून पतसंस्थेकडं निघाले, फोन चालू, कानाला. चावडी चौकाच्या अलीकडं पोचले असेन. वेळ किती झाला ते बघायला फोन कानापासून काढला आणि वरच्या बाजूनं मेसेज सरकत आला.

"आऊ जेवलीस का? आमच्या मेसमध्ये आज साबुदाणा खिचडी होती, तुझ्यासारखी नाही."

मी रस्त्यात उभीच राहिले. एका बाजूला तो माणूस ओरडतोय "जल्दी करो मैडम", आणि स्क्रीनवर खिचडी. आऊ हा शब्द वाचला आणि मग कुठं मला ऐकू आलं की मघाशी ती आई आई म्हणत होती. कॉल कट केला, मुलीला लावला. उचलला. प्रॅक्टिकल होतं, फोन बॅगेत होता, आत्ताच सुटलोय म्हणाली. मला बोलताच येईना. ती घाबरून विचारतेय आऊ काय झालं, आऊ बोल ना, आणि मी चौकात पर्स छातीशी धरून रडतेय.

पुढं जे केलं ते तिनं फोनवरून सांगत सांगत करून घेतलं. पहिलं, १९३० ला फोन. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, पाठ करून ठेवा. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. तिकडून बँकेचं नाव, खातं नंबर, किती रुपये, किती वाजता, आणि यूपीआयच्या व्यवहाराचा जो बारा आकडी नंबर असतो, यूटीआर म्हणतात त्याला, तो विचारतात. तो पेमेंटच्या डिटेल्समध्ये असतो, आधी काढून ठेवला तर वेळ वाचतो, माझी दहा मिनिटं ते शोधण्यातच गेली आणि ही दहा मिनिटं फार महागाची असतात. कारण पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, मग एटीएममधून कॅश. जिथपर्यंत पोचले असतील तिथं ते गोठवायला सांगतात. माझ्या ९५,००० पैकी ३१,५०० असे एका खात्यात अडकवले गेले, बाकीचे तोपर्यंत निघून गेले होते. माझे अडकलेले पैसे मिळवायला पोलिसांची कागदपत्रं झाली, मग कोर्टात अर्ज, ते अजून चालू आहे.

बँकेत गेले तर मॅनेजर म्हणाले मॅडम पिन तुम्ही स्वतः टाकलाय. ऐकायला कडू लागलं पण नियम तेव्हा तसाच होता, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं सर्क्युलर होतं, तुमच्या नकळत कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन दिवसांच्या आत, म्हणजे बँकेचे कामाचे दिवस, कळवलं तर भरपाई होती. पण स्वतःच्या हातानं पाठवलेत तर तुमचं तुम्ही. आता माझा प्रश्न असा आहे की मुलीच्या गळ्यातून काढलेला आवाज ऐकवून माझा हात हलवला, तर तो हात माझा धरायचा का? मला हे पटलेलं नाही आणि पटणार पण नाही. नियम केला तेव्हा असली चोरी कुणाच्या डोक्यात पण नव्हती.

आवाज आला कुठून ते सायबरच्या साहेबांनी समजावलं. एआय, कृत्रिम बुद्धिमत्ता. मुलीच्या व्हिडिओतला आवाज मशीनला दिला की मशीन तो शिकतं, मग तुम्ही टाइप कराल ते त्या आवाजात म्हणून दाखवतं. मॅकॅफी कंपनीनं २०२३ मध्ये सात देशांतल्या सात हजारांवर लोकांना विचारून पाहणी केली होती, त्यात म्हटलंय की तीन सेकंदांचा आवाज पुरतो. तीन सेकंद. "नमस्कार रसिकहो" एवढ्यात होऊन जातात. आणि त्याच पाहणीत भारतातल्या ४७ टक्के लोकांनी सांगितलं की असा प्रकार आमच्याबरोबर किंवा ओळखीतल्या कुणाबरोबर झालाय. मुलगी त्या रात्री सगळे व्हिडिओ डिलीट करायला निघाली होती, रडत होती, माझ्यामुळं झालं म्हणत होती. मी तिला करू दिले नाहीत. चोरानं आवाज चोरला म्हणून पोरीनं बोलायचंच बंद करायचं का? अकाउंट फक्त ओळखीच्यांपुरतं कर म्हटलं, ते केलं.

सचिन तेंडुलकरचा तो खोटा व्हिडिओ आठवतो का, २०२४ च्या जानेवारीतला, कुठल्यातरी गेमिंग अॅपची जाहिरात करतोय असा, ज्यात त्याची मुलगी त्यातून पैसे कमावते असं त्याच्याच तोंडून वदवलं होतं? सचिननं स्वतः सांगितलं की हे खोटं आहे. तेव्हा मला वाटलं मोठ्या माणसांची डोकेदुखी आहे, आपला चेहरा आणि आवाज कोण चोरतंय. हाँगकाँगचं तर त्याहून भयंकर, तिथं एका मोठ्या कंपनीतल्या माणसानं व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबांना आणि बाकीच्यांना बघून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, आणि त्या मीटिंगमध्ये तो सोडून एकही माणूस खरा नव्हता. शिकलेला, ऑफिसात बसणारा माणूस. म्हणून कुणाला "एवढं कसं कळलं नाही" म्हणू नका, ज्याचं गेलंय तो मग पोलिसांकडं पण जात नाही लाजेनं, आणि तोच वेळ चोराला मिळतो.

याउलट केरळात कोझिकोडला २०२३ च्या जुलैमध्ये एका रिटायर्ड माणसाला व्हॉट्सअॅपवर जुन्या सहकाऱ्याचा चेहरा दिसला, ऑपरेशनला पैसे हवेत म्हणाला, त्यांनी ४०,००० दिले, पण ३५,००० अजून मागितल्यावर त्यांनी एक काम केलं, त्या मित्राच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावला. तिथं उघड झालं. लगेच तक्रार केली आणि पैसे आपल्या महाराष्ट्रातल्या एका खात्यात सापडले, गोठवले गेले. स्वतः फोन लावला, एवढंच. मी ते केलं नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. हे सगळं झाल्यावर आमचे हे म्हणाले, हे एआय बंदच करायला पाहिजे, आग लागो त्याला. दोन महिने माझं पण तेच मत होतं. पण मग मी हे लिहितेय कसं? माझं शिक्षण दहावी, टायपिंग येत नाही, मी फोनला बोलतेय आणि फोन मराठी अक्षरं उमटवतोय, माझं कराडकडचं बोलणं त्याला समजतंय, हे पण एआयच. माझा भाऊ ऊस करतो, जानेवारीत बारामतीला कृषी प्रदर्शनाला जाऊन एआय वापरून केलेला ऊस बघून आला, पाणी कधी द्यायचं, खत किती हे जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाचे फोटो बघून मोबाइलवर सांगतात, तेव्हापासून दुसरं बोलत नाही. टीबीचे एक्स-रे मशीननं वाचायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच मान्यता दिलीय, जिथं एक्स-रे वाचणारा डॉक्टर नाही तिथं केवढं काम आहे ते. हे बंद करा कसं म्हणू?

आणि आमच्या शेजारचे अण्णा. तीस वर्षं भजनी मंडळात, हरिपाठ सुरू केला की चार घरांपर्यंत ऐकू जायचं. घशाचा कॅन्सर झाला, मुंबईला ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढलं. तीन वर्षं झाली, पाटीवर लिहून दाखवायचे. फेब्रुवारीत त्यांच्या भाच्यानं जुन्या कॅसेटमधला त्यांचा आवाज घेऊन मोबाइलवर बसवला, अण्णा टाइप करणार, फोन त्यांच्या आवाजात बोलणार. अमेरिकेत असं आधी झालंय, व्हॅल किल्मर नावाच्या नटाचा घशाच्या कॅन्सरनं आवाज गेला होता, त्याला २०२१ मध्ये असाच परत दिला. मला काही कल्पना नव्हती. मी शिलाई मशीनवर बसले होते आणि भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला, "अगं दार लाव, मांजर येतंय."

माझे हात गार पडले. तीच भीती, परत तो मंगळवार. आणि मग काकूंचं रडणं ऐकू आलं, मी पळत गेले तर काकू दाराची कडी धरून उभ्या, अण्णा फोन हातात धरून खाली मान घालून बसलेले. आवाज अगदी शंभर टक्के तसा नाही, थोडा सपाट आहे, हरिपाठ त्याला म्हणता येत नाही. पण काकू म्हणाल्या, तीन वर्षांनी यांनी मला हाक मारली.

मशीन तेच, काम तेच. अण्णांचा आवाज अण्णांच्या मर्जीनं घेतला, माझ्या मुलीचा तिला न विचारता. माझा राग तिथं आहे. आणि राग त्या खात्यांवर आहे ज्यात माझे पैसे गेले, कारण ती कुणाची तरी खरी खाती असतात, गरीब पोरांना चार-पाच हजार देऊन भाड्यानं घेतलेली. अशी खाती ओळखायला रिझर्व्ह बँकेच्याच संस्थेनं म्यूलहंटर नावाचं एआय तयार केलंय, २०२४ च्या डिसेंबरात जाहीर झालं. मग ते देशातल्या प्रत्येक बँकेत, पतसंस्थेत ताबडतोब का लावू नये? ज्या खात्यात कालपर्यंत पाचशे रुपये होते त्यात दुपारी ५०,००० येतात आणि सहा मिनिटांत बाहेर पडतात, हे मशीनला दिसलंच पाहिजे. आणि आयुष्यात पहिल्यांदा ज्याला पैसे पाठवतोय त्याला मोठी रक्कम जाताना एक तास थांबवून ठेवायला काय हरकत आहे? मला तो एक तास मिळाला असता तर खिचडीचा मेसेज वेळेत आला असता. सरकारनंच लोकसभेत सांगितलंय, २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी गेले. "जागरूक राहा" अशी कॉलर ट्यून लावून एवढा पैसा थांबत नसतो, सगळा भार दहावी शिकलेल्या बाईच्या सावधपणावर टाकणं हा अन्याय आहे.

पण तोपर्यंत आपलं आपल्याला बघावं लागणार म्हणून घरात काय केलंय ते सांगते. पोलिस अटक केली की घरच्यांना कळवतात हे खरंय, त्याचाच हे लोक फायदा घेतात, पण खरे पोलिस व्हॉट्सअॅपवर पैसे मागत नाहीत आणि फोन कट करू नका म्हणत नाहीत. "कुणाला सांगू नका" हे ऐकलं की त्याच क्षणी शेजारच्या माणसाला सांगायचं, मोठ्यानं, फोन कानाला असताना. पैशासाठी फोन आला की विचारायचा म्हणून आम्ही घरातल्या पाच जणांनी एक शब्द ठरवलाय, तो कुठं लिहिलेला नाही, मेसेजमध्ये नाही, फक्त तोंडी. मुलीच्या रूममेटचा आणि हॉस्टेलच्या मॅडमचा नंबर मशीनच्या वर भिंतीला चिकटवलाय. असा फोन आला आणि पैसे गेले नसतील तरी संचार साथी या दूरसंचार खात्याच्या वेबसाइटवर संशयास्पद फोन कळवायला चक्षू म्हणून आहे तिथं नंबर कळवते, दोनदा कळवलाय.

आणि तो शब्द. मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला मुलीचा फोन, तिच्याच नंबरवरून, मेसचे पैसे भरायचेत आऊ, २,८०० पाठव ना आत्ता, उद्या शेवटची तारीख. आऊ म्हणाली होती, र पण तसाच. मी शब्द विचारला. तिला आठवेना. परीक्षेच्या गडबडीत डोक्यातून गेला होता, चिडली, आऊ मी आहे गं, तुला माझा आवाज पण कळेना का आता. माझ्या पोटात तुटलं ते ऐकून.

मी म्हटलं, फोन ठेव बाळा, मी लावते तुला.